आगाऊ भरणा, सरासरीची बिले आणि एकदम आलेली थकबाकी

प्रश्न : परभणीच्या एका भगिनींनी कळवले आहे की, उन्हाळ्यात ओढाताण होऊ नये म्हणून त्यांनी गेल्या नोव्हेंबरात सोयाबीनचे पैसे हाती येताच घरगुती मीटरच्या खात्यावर 10,000 रुपये आगाऊ भरले. त्यानंतरची सहा बिले मीटर न वाचताच ‘सरासरी’ 60 युनिटची आली आणि रक्कम जमेतून वळती होत गेली. मे महिन्यात मात्र प्रत्यक्ष रीडिंगनुसार एकदम 1,260 युनिटचे बिल आले. त्यात उरलेली सुमारे साडेसहा हजारांची जमा संपून वर 14,400 रुपये थकबाकी निघाली. शिवाय 1,150 रुपयांचे जादा सुरक्षा ठेवीचे बिल वेगळे आले आणि ‘आज रात्री साडेनऊला वीज तोडली जाईल’ असा संदेश मोबाईलवर आला. मीटर दिवंगत सासऱ्यांच्या नावावर आहे. अशा वेळी तक्रार करता येईल का, जमा रक्कम परत मिळेल का आणि पुढील नोव्हेंबरात पुन्हा आगाऊ भरावे का, असे त्या विचारतात.

उत्तर : आपली सर्वांत मोठी धास्ती त्या संदेशाची दिसते, म्हणून आधी तिच्याविषयी. विद्युत अधिनियम 2003 च्या कलम 56 प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान 15 पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मोबाईलवर आली एवढ्यावरूनच ती रद्द ठरते असे मी म्हणणार नाही. परंतु ‘आज रात्री’ वीज तोडण्याची धमकी देऊन खाली एखाद्या ‘अधिकाऱ्याचा’ खासगी नंबर देणारा संदेश हा जवळजवळ नेहमीच भामट्यांचा असतो. त्या नंबरवर फोन करू नये आणि त्यातील लिंक उघडू नये.

मीटर सासऱ्यांच्या नावावर असल्याने आपला हक्क बुडत नाही. ज्याच्या जागेला वीजपुरवठा जोडलेला आहे ती व्यक्तीही कायद्याच्या व्याख्येप्रमाणे ‘ग्राहक’च आहे. नावबदलाचा अर्ज मात्र या निमित्ताने करून टाकावा, कारण सुरक्षा ठेव परत घेण्याची वेळ आली की नावाचाच प्रश्न आडवा येतो.

आता मुख्य वादाकडे वळू. आपण पाठवलेल्या बिलावरील चालू रीडिंग मीटरच्या फोटोशी जुळते आहे, तेव्हा ‘मीटर फास्ट आहे’ हा मुद्दा आपण धरू नये असे माझे स्पष्ट मत आहे. फ्रिज, पंखे, पाण्याची मोटर आणि मार्चपासून रात्रंदिवस चालणारा कूलर असलेल्या घरात सात महिन्यांत 1,260 युनिट, म्हणजे महिन्याला 180, हा वापर काही अशक्य नाही. वापरलेली वीज नाकारण्याच्या भरात खरी चूक निसटते, आणि खरी चूक बिलाच्या आकारणीत आहे.

घरगुती दरपत्रकातील स्लॅब, म्हणजे दराचे टप्पे, एका महिन्याच्या वापरासाठी असतात : 100 युनिटपर्यंत, 101 ते 300, 301 ते 500 आणि 500 च्या पुढे. वरच्या प्रत्येक स्लॅबचा दर खालच्यापेक्षा बराच चढा असतो. आपल्या बिलात सगळे 1,260 युनिट एकाच महिन्यात वापरल्यासारखे धरले आहेत, त्यामुळे पहिल्या स्लॅबमध्ये केवळ 100, दुसऱ्यात 200, तिसऱ्यात 200 आणि उरलेले तब्बल 760 युनिट सर्वांत महाग दरात गेले. हाच वापर सात महिन्यांत विभागला, तर दरमहा 100 प्रमाणे 700 युनिट पहिल्या स्लॅबमध्ये आणि दरमहा 80 प्रमाणे 560 युनिट दुसऱ्या स्लॅबमध्ये बसतात. वरच्या दोन स्लॅबमध्ये एकही युनिट जात नाही. त्याचबरोबर, ज्या महिन्याचा वापर त्या महिन्यात लागू असलेलाच दर आणि इंधन समायोजन आकार (इंधनखर्चातील फरकापोटीची आकारणी) लावला गेला पाहिजे; नवा दर मागच्या महिन्यांना लावता येत नाही. अशा दुरुस्त आकारणीतून सहा सरासरी बिलांची वळती झालेली रक्कम आणि आपली उरलेली जमा वजा व्हायला हवी. वीज शुल्क टक्केवारीने लागत असल्यामुळे मूळ आकार उतरला की तेही आपोआप उतरते.

वीज कंपनीच्या उपविभाग कार्यालयात या हिशेबासह बिल दुरुस्तीचा अर्ज द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का व तारीख घ्यावी. काउंटरवरचे ‘पुढच्या बिलात होऊन जाईल’ हे आश्वासन पोच नसेल तर कोणीही लक्षात ठेवत नाही. वाद मिटेपर्यंत, मागणी केलेली रक्कम किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीने निघणारी दरमहाची रक्कम, यांपैकी जी कमी असेल ती हरकत राखून (म्हणजे मागणी मान्य नसल्याचे नोंदवून) भरल्यास वीज तोडता येत नाही, असे कलम 56 मध्येच म्हटले आहे. आपली मागील बिले साठ युनिटची असल्याने ही रक्कम अगदीच किरकोळ निघेल. तरीही वरील पद्धतीने आपल्यालाच मान्य होणारी बाकी भरून टाकावी असे मी सुचवीन, कारण निकालाअंती ती द्यावीच लागेल आणि तोवर व्याज चढत राहील. आधी अर्ज द्यावा आणि मगच पैसे भरावेत. ऑनलाइन भरण्यात हरकत नोंदवायला जागाच नसते.

दुरुस्ती झाली नाही तर त्याच कायद्याच्या कलम 42 खालील, वीज ग्राहकांसाठीच्या तक्रार निवारण मंचाकडे जाता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. तेथे वकील लावण्याची गरज नाही (माझ्या व्यवसायबंधूंना हे वाक्य रुचणार नाही). मंचाचा आदेश पटला नाही तर विद्युत लोकपालाकडे दाद मागता येते.

सुरक्षा ठेवीचे बिल हा निराळा विषय आहे आणि ते सहसा भरावेच लागते. मासिक बिल असलेल्या ग्राहकाकडून सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी ठेव घेता येते आणि तिचा फेरहिशेब वर्षातून एकदा होतो. ही ठेव आपलीच राहते, तिच्यावर कलम 47 प्रमाणे व्याज मिळते. ते बिलात जमा झाले आहे का, तेवढे तपासावे.

पुढील नोव्हेंबरात पुन्हा आगाऊ भरावे का, हा आपला शेवटचा प्रश्न. भरायला हरकत नाही, पण दोन महिन्यांच्या बिलापेक्षा जास्त नको. खात्यावरची जमा कोणत्याही बिलात आपोआप वळती होते. ते बिल बरोबर आहे की चुकीचे, हे पाहण्याआधीच पैसे गेलेले असतात. बँकेतील पैसे मात्र आपण हरकत राखून भरू शकता. दुसरे असे की, देय रकमेच्या जागी उणे आकडा दिसत राहिल्यामुळे आपल्या घरात सहा महिने बिल कोणी वाचलेच नाही, नाही तर ‘सरासरी’ हा शेरा डिसेंबरातच डोळ्यांत भरला असता. असा शेरा दिसला की मीटरच्या पडद्यावर युनिटचा आकडा येईपर्यंत थांबून फोटो काढावा आणि त्याच आठवड्यात लेखी कळवावे.