सासरचं घर, जोसेन आणि तो संमतीचा कागद (माझा अनुभव, उत्तर लांबलंय)

ताई, तुमची पोस्ट रात्री वाचली आणि मग झोपच लागेना. सासूबाईंचं घर फुकुशिमात, २०११ च्या अणुवीजकेंद्राच्या अपघातानंतर अजून 'परतणं कठीण' पट्ट्यात, आता सरकारचं पाकीट आलंय, त्यात परतायचा विचार आहे का अशी विचारणा, जोसेनला म्हणजे किरणोत्सारी माती-पाला काढायला संमती, वर घर पाडायचा अर्ज, आणि तुम्ही विचारलंय की सह्या करून पोस्टाने पाठवून दिलं तर चालेल ना, सारखी रजा काढून एवढ्या लांब जाणं जमत नाही. हेच वाक्य जवळपास याच शब्दांत मी २०१४ मध्ये नवऱ्याला म्हटलं होतं. म्हणून लिहायला बसले.

आधीच सांगते, मी वकील नाही, रेडिएशनमधली तज्ज्ञ नाही. आमचं घर अणुवीजकेंद्रापासून २० किलोमीटरच्या आतलं पण मधल्या पट्ट्यातलं, वर्षाला २० ते ५० मिलिसिव्हर्टवाल्या (सिव्हर्ट म्हणजे अंगाला लागणाऱ्या किरणोत्साराचं माप). तुमचं त्याच्याही वरच्या पट्ट्यातलं. शिवाय ज्यांना परतायचंय त्यांची घरं साफ करून द्यायची ही तुमच्यासाठीची सोय २०२३ ला कायदा बदलून आलीय, आमच्या वेळी ती नव्हती. गावागणिक पद्धत वेगळी असते, त्यामुळे माझं वाचून तसंच करू नका, तुमच्या गावात विचारून खात्री करा. आमच्या गावाचं आणि त्या ऑफिसचं नाव मी देणार नाही, कृपया व्यनि (खाजगी निरोप) करूनही विचारू नका. आणि सिव्हर्ट-बेक्वेरेल वगैरे तुम्हाला एव्हाना पाठ असणार, ते सोडून देते.

तर सही पाठवू नका. निदान ताचिआईच्या आधी तरी नाहीच. काम सुरू व्हायच्या आधी मालक, ऑफिसचा माणूस आणि ठेकेदार मिळून जागेवर फिरतात ती पाहणी. आम्ही गेलो नाही आणि त्याची किंमत दोन वर्षं मोजली.

झालं असं. तेव्हा आम्ही कोरियामाला, फुकुशिमातल्याच दुसऱ्या शहरात, सरकारने भाड्याने घेतलेल्या फ्लॅटमध्ये, सासू-सासरे आमच्याजवळ. सासरे ७८ चे. पाकिटात विमानातून काढलेला घराचा फोटो होता, त्यावर रंगीत रेघा, एक रंग घराच्या आवाराला, एक शेताला, एक जंगलाला. आम्ही तो बघितला आणि बाजूला ठेवला. आमच्या घरामागे कुरा आहे, म्हणजे मातीच्या जाड भिंतींचं जुनं कोठार, त्याच्या मागे सासूबाईंचा भाजीचा वाफा होता आणि वाफ्याच्या पुढे सुगीच्या, म्हणजे जपानी देवदाराच्या, झाडांचा चढ. २०११ च्या मार्चनंतर तिथे कोणी खुरपं लावलेलं नव्हतं. तीन वर्षांत त्या वाफ्यात माणसापेक्षा उंच गवत, बांबू, झुडपं. वरून बघणाऱ्याला ते सरळ चढावरच्या जंगलातच मिसळलेलं दिसणार. रेघ कुराच्या भिंतीला लागून मारली होती. म्हणजे वाफा जंगलात गेला.

आता तुम्ही म्हणाल त्याने काय होतं. तर आवार असेल तर वरची साधारण ५ सेंटीमीटर माती खरवडून काढतात, नवीन माती टाकतात, पन्हळी पुसतात, काँक्रीट धुतात. जंगल असेल तर घराच्या कडेपासून २० मीटरपर्यंत नुसता पाला गोळा करतात, माती तशीच ठेवतात. आणि सिझियम, म्हणजे अपघातातून पसरलेलं मुख्य किरणोत्सारी द्रव्य, असतं मातीत, चिकण मातीच्या कणांना घट्ट धरून बसलेलं. त्या एका रेघेवर सगळं ठरतं, आणि ती रेघ तुमची जागा कधीही न बघितलेल्या माणसाने मारलेली असते!

मग फोन आला. सासऱ्यांनीच उचलला. पलीकडचा माणूस सांगत होता की पाहणीला यायलाच हवं असं नाही, आमचे लोक बघून घेतील, तुम्हाला एवढ्या लांब त्रास नको, आणि सासरे 'हाई, हाई' करत होते. तुम्ही इथेच राहता, तुम्हाला माहितीय, हे 'हाई' म्हणजे 'हो' नसतं, आपण फोनवर 'हं, हं' करतो ना तसं असतं, ऐकतोय एवढंच. मी शेजारीच बसले होते. मला तेव्हाच फोन हातात घेता आला असता. पण मलाही सुटल्यासारखंच वाटलं, रजा वाचली. नंतर त्या फोनची नोंद आम्ही मागून बघितली, तिथे लिहिलं होतं, मालकाला पाहणीला उपस्थित राहायची इच्छा नाही.

आम्ही सही केली. काम झालं, अहवाल आला, त्यात आवाराची आधीची सरासरी, नंतरची सरासरी, सगळं खाली आलेलं. ऑक्टोबरमध्ये उसनं यंत्र घेऊन गेलो. पुढच्या अंगणात एक मीटरवर आधी तासाला ३ मायक्रोसिव्हर्ट असायचं ते १.१ वर आलेलं, पांढरट नवी माती, कडेला दगड नीट लावून ठेवलेले, सासरे खूश. मग सासूबाई सवयीने कुराच्या मागे गेल्या. तिथे २.६. आणि कुराच्या पन्हळीचा पाइप जिथे जमिनीवर सुटतो तिथे यंत्र खाली नेलं तर आकडा ८ च्या वर जाऊन चढतच राहिला. अख्ख्या छपराचं पाणी तिथे येतं, दुसरं काय होणार. सासूबाई काहीच बोलल्या नाहीत, चालत जाऊन गाडीत बसल्या.

त्यानंतरची दोन वर्षं मी थोडक्यात सांगायचं ठरवलं होतं पण जमणार नाही, कारण आजही आठवलं की हात थरथरतात. पहिल्या खिडकीवर सांगितलं, तो भाग जंगल आहे, जंगल आमच्याकडे नाही. दुसरीकडे गेलो तर म्हणे तुम्ही सही केलेल्या नकाशात तसंच आहे. तिसऱ्याने जमिनीचा उतारा मागितला, त्यात तो तुकडा खरंच डोंगर-जंगल म्हणून नोंदलेला निघाला, आजेसासऱ्यांच्या काळची नोंद, कोणी बदललीच नव्हती. एक माणूस मात्र चांगला भेटला, म्हणाला मी स्वतः येऊन बघतो. मार्चमध्ये भेटला होता. एप्रिलमध्ये त्याची बदली! नव्या माणसाला फाइल मिळाली पण फाइलमध्ये 'मी येऊन बघतो' कुठेच नव्हतं, पुन्हा पहिल्यापासून. ताई, हे लक्षात ठेवा, दर एप्रिलला खुर्चीवरचे लोक बदलतात आणि तोंडी बोललेलं सगळं त्यांच्याबरोबर जातं. मी राग त्या माणसांवर काढत नाही, त्यातल्या कित्येकांची स्वतःची घरं त्याच पट्ट्यात होती. पण फोनवरच्या 'हाई'ची नोंद बरोबर ठेवणारं ऑफिस 'मी येतो' ची नोंद का ठेवत नाही, हा माझा प्रश्न आहे आणि तो अजून सुटलेला नाही.

शेवटी आम्हाला वाचवलं एका फोटोने. २०११ च्या मे महिन्यात लोकांना पहिल्यांदा घरी नेलं ना, पांढरे सूट घालून, दोन तास आणि हातात ७० सेंटीमीटरची एक प्लास्टिकची पिशवी, पुढे आमचीही पाळी आली तेव्हा सासूबाईंनी त्या पिशवीत पूर्वजांच्या पाट्या, पासबुक आणि एक अल्बम घातला होता. अल्बमचं तेव्हा मला काही कळलं नव्हतं, मी मनात म्हटलं होतं गरम कपडे घ्यायचे तर हे काय. त्यात २००९ चा एक फोटो निघाला, सासूबाई मुळा उपटून हातात धरून उभ्या, पाठीमागे कुराची भिंत आणि तो पाइप, कोपऱ्यात केशरी रंगात तारीख छापलेली. तो लावून अर्ज केला तेव्हा मान्य झालं की इथे रोजचा वावर होता, हे जंगल नाही. २०१६ च्या शरद ऋतूत माती काढली. सासरे त्याच वर्षी फेब्रुवारीत गेले, कोरियामाच्या त्या फ्लॅटमध्येच. त्यांच्या तोंडी शेवटी शेवटी एकच, मागचं झालं का, मागचं झालं का. फुकुशिमात अशा विस्थापनाच्या हालांनी गेलेल्यांचा सरकारी आकडा २,३०० च्या वर आहे, भूकंप-त्सुनामीत थेट गेलेल्यांपेक्षा जास्त. सासरे त्यात धरलेले नाहीत, आम्ही अर्जच केला नाही.

म्हणून माझं ठाम मत, कोणाला पटो न पटो: नवऱ्याने आणि तुम्ही एक दिवस रजा घ्या आणि जा. सासूबाईंना न्यायचंच, कारण कपडे कुठे वाळत घालायच्या, नातवंडं कुठे खेळायची, विहिरीची वाट कुठली हे त्यांनाच माहीत. जायच्या आधी घरी बसून त्यांच्याकडून एक हाताने काढलेला नकाशा करून घ्या, जुने फोटो शोधा, नातेवाइकांकडे असतील तर मागवा. आणि जमिनीचा उतारा आधीच काढून बघा, हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. पाहणीच्या दिवशी रेघ चुकलेली दिसली तर तिथल्या तिथे नकाशावर लाल पेनाने दुरुस्त करून तारीख, समोरच्याचं नाव आणि त्यांच्या सहीसकट फोटो काढा. 'नंतर बदलून पाठवतो' याला मान डोलावू नका. फोन आला तर 'कृपया हे लेखी पाठवा' एवढं एकच वाक्य, आणि सासूबाईंना शक्यतो फोन देऊच नका.

मोजण्याबद्दल. यंत्र विकत घेऊ नका, बऱ्याच नगरपालिका उसनं देतात आणि ते तपासलेलं असतं, ऑनलाइन स्वस्तातली यंत्रं वाटेल ते दाखवतात. एक मीटरवर धरा, आकडा स्थिर व्हायला वेळ द्या, चार-पाच वेळा लिहून सरासरी काढा, मग तेच जमिनीलगत. पन्हळीच्या पाइपखाली, छपराच्या कडेखाली, झाडाच्या बुंध्याशी, चढ जिथे संपतो तिथे, जिथे पाणी किंवा पाला साचतो तिथे सगळीकडे. सरासरीवर कधी समाधान मानू नका, सरासरीत ते ८ दिसतच नाहीत. आणि तासाला ०.२३ मायक्रोसिव्हर्ट हा आकडा सगळे मंत्रासारखा म्हणतात, तो ८ तास बाहेर आणि १६ तास घरात धरून वर्षाला १ मिलिसिव्हर्टवरून काढलेला आहे, ०.२४ झालं म्हणजे घात झाला असं नाही आणि ०.२२ आलं म्हणून पाइपखाली बाळाला बसवायचं असंही नाही. तुमच्याकडे एक बरं आहे, दोन वर्षं अर्धायुष्य असलेलं सिझियम-१३४ एव्हाना जवळपास संपलंय. उरलंय ते १३७, त्याचं अर्धायुष्य ३० वर्षं, ते आता आपोआप फार भरभर उतरणार नाही, त्यामुळे 'थांबू, कमी होईल' यात फारसा अर्थ नाही असं मला वाटतं.

घर पाडायचा अर्ज हा वेगळा कागद आहे, एका पाकिटात आला म्हणून एकाच बैठकीत सही करायची नाही. सरकारी खर्चाने पाडून देतात त्याला मुदत असते, ती आधी लेखी विचारा, मुदत हुकली तर खर्च तुमच्यावर. पण पाडायच्या आधी प्रत्येक खोलीचे, कपाटांच्या आतले, माळ्यावरचे फोटो काढा, नुकसानभरपाईचं काही बाकी असेल तर नंतर दाखवायला काही उरत नाही. घरात रानडुकरं, उंदीर शिरलेले असतील, वास असह्य असतो, मास्क आणि जाड बूट घालून जा, आणि शक्य असेल तर पहिल्यांदा आत तुम्ही दोघं जा, सासूबाईंना दारातच उभं करा. आमच्या सासूबाईंनी स्वयंपाकघर बघितल्यावर आठवडाभर नीट खाल्लं नव्हतं.

भरपाईवर मी फार बोलत नाही, प्रत्येकाचं वेगळं. २०११ ला अणुवीजकेंद्र चालवणाऱ्या कंपनीचा भरपाईचा पहिला अर्ज साठेक पानांचा आणि तो भरायचं पुस्तक १५६ पानांचं होतं, सासऱ्यांनी भिंग घेऊन वाचलं होतं ते. तुमचं काही अडलं असेल तर सरकारचं मध्यस्थी केंद्र आहे खास यासाठी, अर्जाला फी नाही, तिथे जायला लाजू नका. आमच्या आळीत 'भांडखोर म्हणतील' म्हणून कितीतरी म्हातारे गेलेच नाहीत.

परतायचं का या रकान्यावर मात्र माझं मत विचारू नका. एवढंच बघा की 'अजून ठरवलं नाही' असं लिहिलं तर तुमचं घर या फेरीत साफ होणार की राहणार, हे गावाकडून लेखी घ्या, कारण शेजारच्यांनी 'हो' आणि तुम्ही 'ठरवलं नाही' लिहिलं तर मध्ये तुमचंच आवार राहून जाऊ शकतं. काढलेली माती कुठे जाते असंही तुम्ही विचारलंय, ती ओकुमा आणि फुताबा या गावांतल्या साठवण केंद्रात, १ कोटी ४० लाख घनमीटरच्या आसपास जमलीय, २०४५ च्या मार्चपर्यंत जिल्ह्याबाहेर न्यायचा कायदा आहे. ती जागाही कोणाची तरी घरं-शेतंच होती, आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाची त्यात गेलीय, त्यामुळे मला त्यावर शांतपणे लिहिता येत नाही.

आणि एक राहिलं, सासूबाईंना डोंगरावरची कोशिआबुरा ही रानभाजी आणि रानातले मशरूम आवडत असतील तर तपासल्याशिवाय बिलकुल खाऊ देऊ नका, खाण्यातल्या किरणोत्साराची किलोला १०० बेक्वेरेलची मर्यादा ती सहज ओलांडतात. तांदळाची काळजी नको, जिल्ह्यातल्या तांदळाच्या सगळ्या पोत्यांची तपासणी चालायची तेव्हाही २०१५ च्या पिकापासून एकही पोतं मर्यादेच्या वर गेलेलं नाही.

पाहणीची तारीख मार्चच्या आधीची मागा, एप्रिलनंतरची दिली तर बदलून घ्या. आणि नकाशाचा फोटो मला व्यनित टाका, प्लॉट नंबर आणि नावं झाकून. रेघा कशा वाचायच्या ते मी बघून सांगते, शनिवार-रविवार मी घरीच असते.