जुन्या कारखान्यातल्या लग्नाचे व्हिंटेज, रोमँटिक फोटो कसे काढावेत?

तुम्ही विचारलंय की, लग्न शहरातल्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत आहे, उघड्या विटा, लोखंडी खांब, छताखालून गेलेले पाइप आणि सगळीकडे पिवळे बल्ब, आणि जोडप्याला मात्र व्हिंटेज, रोमँटिक फोटो हवेत. एवढ्या रुक्ष जागेत ते कसं जमवायचं, प्रीसेट (एडिटिंगमधली तयार रंगछटा) कोणता लावायचा आणि फिल्मचा कॅमेरा न्यावा का?

मी लग्नाचे फोटो काढतो आणि अशा जागा मला मनापासून आवडतात. त्यामुळे पहिलं सांगणं हेच, की जागेचा रुक्षपणा लपवायच्या भानगडीत पडू नका. लेस, मोती, सुकवलेली फुलं, जुन्या घडणीच्या खुर्च्या हे सगळं नाजूक दिसतं ते मागे गंजाचे डाग पडलेलं लोखंड आहे म्हणून. बरेच फोटोग्राफर मागचं सगळं धूसर करून टाकतात. मग तो फोटो कुठल्याही हॉलमधला वाटतो, आणि जोडप्याने ही जागा का निवडली ते त्यात उरत नाही. खांब, साखळ्या, सामानाच्या लिफ्टचा जाळीचा दरवाजा फोटोत येऊ द्या. मऊपणा आणायचा तो उजेडातून.

आणि उजेडाच्या बाबतीत तुमचं नशीब चांगलं आहे. जुन्या कारखान्यांच्या खिडक्या प्रचंड असतात, कारण विजेचे दिवे येण्याआधी आणि नंतरही बराच काळ यंत्रांवरचं काम दिवसाच्या उजेडावर चालायचं. कापड गिरण्यांची करवतीच्या दात्यांसारखी छपरं तुम्ही पाहिली असतील. उत्तर गोलार्धात त्यांची काचेची बाजू मुद्दाम उत्तरेला ठेवत, म्हणजे थेट ऊन आत न येता दिवसभर एकसारखा उजेड मिळे. विणकऱ्याला तुटलेला धागा दिसावा म्हणून केलेली ती सोय आज चेहऱ्यासाठी उत्तम आहे. दिवसाचे जेवढे फोटो काढता येतील तेवढे खिडकीजवळ काढा.

पण खिडकीकडे तोंड करून सरळ उभं करू नका. नवरीला असं उभं करा की खिडकी तिच्या एका बाजूला येईल, म्हणजे उजेड कापडावरून घसरत जातो. लेसचा प्रत्येक धागा आपली बारीक सावली टाकतो, नक्षी उठून येते, मोत्यावर एका बाजूला चमक आणि दुसऱ्या बाजूला करडी छटा दिसते. तीच लेस समोरून फ्लॅश मारून घ्या, नुसता पांढरा पट्टा मिळेल. कॅमेऱ्याची उजेडाची मोजणी कापडाच्या सर्वांत उजळ भागावर करा. पांढऱ्या किंवा हस्तिदंती कापडातले हायलाइट, म्हणजे सर्वांत उजळ भाग, एकदा जळाले की ते परत येत नाहीत, सावलीतला तपशील मात्र रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमधून) बराच वर काढता येतो.

विटांच्या भिंतीचा एक त्रास आहे. लाल भिंतीवरून परतलेला उजेड लालच असतो आणि तो गालाच्या सावलीत जाऊन बसतो. जोडपं भिंतीला टेकून उभं असलं की एक गाल नीट आणि दुसरा तांबूस, असं दिसतं. दोन-तीन मीटर पुढे घ्या. टेकूनच फोटो हवा असेल तर सावलीच्या बाजूला पांढरा रिफ्लेक्टर धरायला कुणाला तरी सांगा.

आता बल्ब. खरी कसोटी इथे आहे. सजावटीचे फिलामेंटवाले पिवळे बल्ब अनेकदा 2200 केल्विनच्या आसपास असतात (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा कमी तितका उजेड पिवळा), मेणबत्ती त्याहूनही खाली, आणि खिडकीतला दिवसाचा उजेड साडेपाच हजार किंवा त्याच्या वर. एकाच चेहऱ्यावर हे दोन्ही पडले की अर्धा चेहरा निळा, अर्धा नारिंगी. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कोणता उजेड पांढरा धरायचा ते, एकासाठी दुरुस्त केला की दुसऱ्यासाठी बिघडतो, आणि एडिटिंगला बसलात की हैराण व्हाल. म्हणून जागा बघताना एकच प्रश्न विचारा: दुपारी खिडकीजवळचे बल्ब बंद करता येतात का? बऱ्याचदा येतात, कुणी विचारलेलंच नसतं. संध्याकाळी उलट करा, बल्बना मुख्य धरा आणि बाकी सगळं त्यांच्या रंगाला जुळवा.

यासाठी फ्लॅशवर पूर्ण सीटीओ जेल, म्हणजे नारिंगी रंगाची पारदर्शक पट्टी, लावा. ते फ्लॅशचा पांढरा उजेड साधारण 3200 केल्विनपर्यंत उतरवतं. कॅमेऱ्याचा व्हाइट बॅलन्सही तेवढाच ठेवा. त्वचा नैसर्गिक येते, बल्ब थोडे जास्त पिवळे राहतात, जे हवंच आहे. आणि सूर्य मावळल्यावर थोडा वेळ, बाहेरचं आकाश पूर्ण काळं व्हायच्या आत, खिडकीच्या चौकटी गर्द निळ्या दिसतात. आत सोनेरी, बाहेर निळं. जोडप्याला त्या वेळी पाच-दहा मिनिटं पाहुण्यांमधून बाजूला काढा, तेवढं घरच्यांशी आधीच ठरवून ठेवा. संध्याकाळचा सगळ्यात रोमँटिक फोटो मला बहुतेक वेळा तेव्हाच मिळतो.

फ्लॅश छतावर मारून बाउन्स करायची सवय असेल तर ती इथे सोडा. छत सहा-सात मीटर उंच आणि बहुतेकदा काळं रंगवलेलं. अंतर दुप्पट झालं की उजेड एक चतुर्थांश उरतो, आणि उरलेला काळा रंग पिऊन टाकतो. फ्लॅश कॅमेऱ्यावरून काढा, स्टँडवर बाजूला पांढऱ्या छत्रीतून द्या आणि ताकद अगदी कमी ठेवा, एक सोळांश किंवा एक बत्तिसांश. आयएसओ 3200, अपर्चर 2.8, शटर 1/100 इथून सुरुवात करा. खोलीतला उजेड फोटोत टिकतो आणि फ्लॅश फक्त चेहरा उचलतो. दुसरा एखादा फ्लॅश जोडप्याच्या मागे, खांबाआड लपवलात तर केसांना आणि नवरीच्या डोक्यावरच्या जाळीदार व्हेलला उजेडाची सुंदर कड मिळते.

एलईडी बल्बांचं लुकलुकणं डोळ्याला दिसत नाही, पण फोटोत पट्टे येतात. 50 हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतो, तेव्हा 1/50 किंवा 1/100 सुरक्षित. 60 हर्ट्झ असेल तर 1/60 किंवा 1/125. बल्ब डिमरवर असतील तर हे गणितही चुकू शकतं, म्हणून तिथे गेल्यावर आधी चाचणी घ्या. आवाज होऊ नये म्हणून इलेक्ट्रॉनिक शटर लावण्याचा मोह होतो, पण अशा दिव्यांखाली मेकॅनिकलच ठेवा. आणि नाचाच्या वेळी डीजेकडे लेझर असेल तर त्याचा झोत लेन्समध्ये थेट येऊ देऊ नका, सेन्सर कायमचा जळू शकतो.

लेन्स फार नकोत. 35 आणि 85 मिलिमीटर एवढ्यावर लग्न होतं. फार वाइड लेन्सने खांब आत झुकतात आणि कडेचे चेहरे ताणले जातात. 35 ने काढताना कॅमेरा सरळ धरा, म्हणजे उभ्या रेषा उभ्याच राहतील. विटा आणि चौकटी असलेल्या जागेत तिरकेपणा लगेच डोळ्यात खुपतो. 85 वर अपर्चर 1.8 आणि अंतर दोन मीटर असेल तर फोकसमध्ये जेमतेम सहा सेंटिमीटर खोली मिळते. म्हणजे नवरा एक पाऊल मागे असला की त्याचे डोळे फोकसबाहेर गेले. दोघं असतील तेव्हा 2.8 वर या.

थोडी जुनी जादू लेन्समधूनच हवी असेल तर सोव्हिएत बनावटीची हेलिओस 44-2 बघा. 58 मिलिमीटर, अपर्चर 2, जर्मन झाइस कंपनीच्या बायोटार लेन्सवर बेतलेली. अडॅप्टर लावून मिररलेस कॅमेऱ्यावर सहज बसते. पूर्ण उघडली की मागचे बल्ब भोवऱ्यासारखे फिरताना दिसतात. फोकस हातानेच करावा लागतो, तेव्हा ती फक्त जोडप्याच्या निवांत फोटोंसाठी, मुख्य विधीच्या वेळी नाही.

प्रीसेटबद्दल माझं मत ठाम आहे. आधी जोडप्याला विचारा, त्यांच्या मनातलं व्हिंटेज कोणत्या दशकातलं आहे. पोशाख आणि सजावट 1920 च्या वळणाची असेल आणि तुम्ही सत्तरच्या दशकातल्या विटक्या रंगीत फोटोंचा नारिंगी प्रीसेट लावलात, तर दोन्हींचा मेळ बसत नाही. कोडाक्रोम ही रंगीत फिल्म बाजारात आली 1935 मध्ये, त्याआधी घराघरातले फोटो कृष्णधवलच होते. त्या काळाची ओढ असेल तर स्वच्छ, खोल काळ्या छटांचं कृष्णधवल द्या. सेपियाचा तपकिरी रंगही मुळात सजावट नव्हता. प्रिंटमधल्या चांदीचं सिल्व्हर सल्फाइड केलं की फोटो जास्त टिकतो आणि त्या प्रक्रियेत तो तपकिरी होतो. सगळ्या अल्बमवर तो रंग ओतला की पोशाखाचा मूळ रंग हरवतो, आणि तो रंग नवरीने महिनोन् महिने शोधून निवडलेला असतो. रंगीत फोटोंत काळ्या छटा थोड्या उजळा, कॉन्ट्रास्ट किंचित कमी करा, हलका ग्रेन (फिल्मसारखे बारीक कण) द्या. तेवढं पुरतं.

फिल्म कॅमेरा जरूर न्या, पण जोडीला. पोर्ट्रा 400 सारखी रंगीत फिल्म दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली असते, पिवळ्या बल्बखाली ती गडद नारिंगी होते. म्हणून रंगीत रोल दुपारी खिडकीजवळ संपवा, आणि रात्री ट्राय-एक्ससारखा कृष्णधवल रोल घालून आयएसओ 1600 धरून काढा आणि पुश करून, म्हणजे जास्त वेळ डेव्हलप करून, धुऊन घ्या. दिव्याच्या रंगाचा प्रश्नच उरत नाही आणि ग्रेन या विटांना शोभतो. महत्त्वाचे क्षण मात्र डिजिटलवरच, दोन कार्डांत एकाच वेळी साठवून.

जागा बघायला लग्नाच्याच वेळेला जा, आणि खरी मेणबत्ती चालते का तेही विचारून घ्या, काही ठिकाणी मनाई असते. खिडक्या कोणत्या दिशेला आहेत आणि विधी किती वाजता आहे एवढं कळवलंत, तर जोडप्याला नेमकं कुठे उभं करायचं तेही सांगतो.