मुलगा १२ वर्षांचा आहे. आत्ताच नशेबद्दल बोललं तर त्याचं कुतूहल उलट वाढेल का?

नाही, बोलल्याने मूल नशेकडे वळत नाही. आत्ताच बोला, फक्त नुसती भीती घालू नका. नुसत्या उपदेशाचा प्रयोग मोठ्या प्रमाणावर होऊन गेलाय: पोलिसांनी शाळेत जाऊन शिकवायचा 'डेअर' हा कार्यक्रम १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये सुरू झाला, अमेरिकाभर पसरला, आणि पुढच्या अभ्यासांत त्याच्या मूळ स्वरूपाचा परिणाम जेमतेमच दिसला. 'एकदा घेतलं की संपलास' असं सांगितलं आणि घेणारा एखादा मित्र धडधाकट दिसला, की तुमचं पुढचं काहीच पोराला खरं वाटत नाही. त्यापेक्षा कारण सांगा: मोह आवरणारा मेंदूचा पुढचा भाग साधारण २५ व्या वर्षापर्यंत घडत असतो, म्हणून सुरुवात जितकी लवकर, तितका व्यसन जडण्याचा धोका जास्त. समोर बसवून व्याख्यान नको. गाडीत, भांडी आवरताना, दोन-दोन मिनिटं पुरतात. 'कुणी व्हेप (ई-सिगारेट) पुढे केला तर काय म्हणशील?' असं विचारा आणि गप्प बसा (हेच सगळ्यात अवघड). एक वाक्य मात्र आधीच देऊन ठेवा: 'कुठेही अडकलास तर फोन कर, मी न्यायला येईन, ओरडणं-बिरडणं नंतर.' पण तो आधीच काही घेत असल्याची शंका असेल, झोप, मित्र, अभ्यास एकदम बदलले असतील, तर गप्पांवर भागवू नका, डॉक्टर किंवा समुपदेशकाला गाठा.