आधी पदवी की आधी पत्रकारिता?

प्रश्न : यंदा बारावी कला शाखेतून पास झाले. पत्रकार व्हायचंय. माझं शिक्षण मराठीतून झालंय, मास मीडिया झेपेल का? घरचे म्हणतात, आधी साधी पदवी घे. – एक वाचक, बार्शी

उत्तर : घरचे अगदीच चुकत नाहीयेत. मुंबई विद्यापीठाचा मास मीडिया बारावीनंतर करता येतो, काही कॉलेजांत मराठीतूनही. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटला पत्रकारितेच्या एम.ए.साठी मात्र कुठल्याही शाखेची पदवी चालते. मला विचारशील तर आधी अर्थशास्त्र घे. मी मराठी साहित्य घेऊन या धंद्यात आलो नि पहिल्याच आठवड्यात जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकात लाखाचे कोटी केले. मुख्य उपसंपादक ओरडले नाहीत. दुसऱ्या दिवशीचा खुलासा तेवढा माझ्याच हातून लिहून घेतला. अजून कोटी लिहिताना शून्यं मोजतो!

भाषेचं म्हणशील तर 1832 मध्ये बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढलं, तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारीशेजारी छापला जाई. तूही रोज एकच बातमी दोन्ही भाषांतल्या पेपरांत वाच, कुणी काय गाळलं ते वहीत टिप. आणि मराठी युनिकोड टायपिंग या सुट्टीतच शिकून घे.