कुत्र्याची खोली मिरगाआधी

प्रश्न : आमचे घर सत्तरीत, म्हादई अभयारण्याला लागून आहे. दोन वर्षांचा लॅब्राडोर आहे, मोती. आजवर तो सोप्यावर झोपत आला. मुलगी बाळंतपणाला माहेरी येणार आहे, म्हणून मोतीची सोय मागच्या अंगणात करायचे घरात ठरले आहे. मेस्त्री म्हणतो, माडाखाली चार बाय चारची चिऱ्याची खोली बांधू, वर पत्रा घालू, गिलाव्याची काही गरज नाही. पुढे जाळीचे आवार करायचे, की साखळीवर भागेल?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : साखळीचा विचार आजच सोडून द्या. जनावराला आखूड किंवा जड साखळीने अवाजवी वेळ बांधून ठेवणे आणि सदा बांधलेल्या कुत्र्याला फिरवून न आणणे, या दोन्ही गोष्टी प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या (१९६०) अकराव्या कलमात गुन्हा म्हणून लिहिलेल्या आहेत. पण तुमच्या गावात कायद्याच्याही आधी बिबट्या आठवायला हवा. कुत्र्यासाठी तो अंगणापर्यंत येतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मोकळा कुत्रा निदान पळेल, दारावर धडका देईल. साखळीवरच्याला तेवढीही संधी नाही. तेव्हा जाळीचे आवार हवेच, ते वरूनही बंद हवे, आणि दिवे लागले की मोती खोलीत आणि दाराला कडी.

आता गिलाव्याचे. मेस्त्रीच्या त्या एका वाक्यामुळे मी तुमचे पत्र या अंकासाठी निवडले, कारण ही चूक माझ्या हातून झालेली आहे. मी फोंड्याला पंचवीस वर्षे जनावरांवर उपचार करते आहे. आठ वर्षांपूर्वी आमच्या कुळागरात शेरूसाठी मी अशीच बिनगिलाव्याची खोली बांधून घेतली. तांबडे चिरे, मधून सिमेंटची रेघ, फार देखणी दिसायची. पाऊस गेला आणि ऑक्टोबरात शेरूने पेज सोडली. चौथ्या दिवशी सकाळी त्याच्या एका नाकपुडीतून रक्त येत होते, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. गोचीडताप. रक्तातल्या प्लेटलेट्स पार खाली आलेल्या. अंगभर हात फिरवला, तर गोचिडी मोजून तीन मिळाल्या. मग ताप आला कुठून?

त्या रात्री बॅटरी घेऊन त्याच्या खोलीत शिरले. चिरा हा मुळात भोकाभोकांचा दगड. छपराजवळच्या एका भोकात केसांची पिन घालून ओढली, तर एरंडाच्या बीएवढी टम्म फुगलेली करडी मादी बाहेर आली. तिच्यामागून अंड्यांचा पुंजका आला, काकवीत भिजवलेली खसखस असावी तसा, तपकिरी आणि चकचकीत. शेजारच्या भोकात तेच. तिसऱ्यात नुकती फुटलेली पिल्ले होती, धुळीसारखी, पण बॅटरीच्या उजेडात सरकणारी. मी मोजायचे सोडून दिले आणि तिथेच खाली बसले. शेरू ज्या भिंतीला पाठ लावून झोपायचा, ती ही भिंत.

कुत्र्यावरची ही तपकिरी गोचीड रक्त पिऊन झाले की खाली पडते आणि भिंत चढू लागते, वर, फटीकडे. अंड्यातून निघाल्यापासून स्वतः अंडी घालेपर्यंत ती तीनदा कुत्र्यावर चढते आणि तीनदा उतरते. बाकीचा सगळा काळ तिचे बिऱ्हाड भिंतीत. एक मादी दोन-तीन हजार अंडी सहज घालते, आणि मोठी झालेली गोचीड उपाशीपोटी महिनोन्महिने फटीत दबा धरून राहू शकते. कुत्र्याला कितीही औषधे लावा, फटी बुजवल्याशिवाय सुटका नाही.

शेरू चार आठवडे डॉक्सिसायक्लिनवर राहिला आणि वाचला. खोली पाडली नाही. आतून-बाहेरून गिलावा केला, आतला घोटून गुळगुळीत करून घेतला, छप्पर भिंतीवर टेकते तिथली फट सिमेंटने भरली, आणि तेव्हापासून वर्षातून दोनदा आत चुना काढते. चुना पूर्ण वाळेपर्यंत कुत्रा आत जाता कामा नये. पांढऱ्या भिंतीवर चढणारी गोचीड दारातूनच दिसते, हा चुन्याचा खरा उपयोग. तुमच्या मेस्त्रीला हे वाचून दाखवा. जोडीला मोतीला महिन्याची किंवा तीन महिन्यांची चघळायची गोळी त्याच्या वजनाप्रमाणे डॉक्टरांकडून सुरू करा. गोठ्यात फवारायचे औषध अंदाजाने कुत्र्यावर ओतू नका. घरात मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेले काहीही कुत्र्याला लावू नका, मांजराला ते विष आहे.

जागाही बदला. माडाखालच्या छपरावर आज ना उद्या नारळ नाहीतर सुकी झावळ पडणारच. आंब्याखाली तांबड्या मुंग्या. घराच्या पूर्व बाजूला, स्वयंपाकघराच्या दारातून दिसेल अशी जागा पाहा. आपल्याकडे पाऊस पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून झोडपतो, आणि दुपारनंतरचे ऊनही पश्चिमेचेच. दोन्ही घर अडवील. खोलीच्या पश्चिम आणि दक्षिण भिंती सलग ठेवा, दार पूर्वेला, आणि पूर्व-उत्तर भिंतींना वरच्या अंगाला जाळीचे मोठे झरोके.

चार बाय चार ही खोली फार लहान. थंड देशांत कुत्र्याचे घर मुद्दाम आटोपशीर बांधतात, म्हणजे ते त्याच्या अंगाच्या उबेने गरम राहते. आपल्याला ऊब नको, वारा हवा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग निववतो, आणि मे महिन्याच्या दमट हवेत त्या धापांचाही फारसा उपयोग होत नाही. लॅब्राडोरचे अंग केसाळ आणि बहुधा जाडही. पत्र्याखालच्या कोंदट खोलीतून उष्माघाताने आणलेले कुत्रे मी टेबलावर पाहिलेले आहेत, सगळे वाचवता आले नाहीत. सहा फूट बाय पाच फूट करा, आणि पुढची उंची सात फूट. सात एवढ्यासाठी, की झाडणाऱ्या माणसाला वाकावे लागले की कोपरे झाडायचे राहतात.

छपराला नुसता पत्रा मे महिन्यात तापतो आणि जुलैत त्यावर ढोल वाजतात. नुसती मंगळुरी कौले घातली तर माकडे ती फोडतात, आणि तुमच्याकडे माकडे फार. खाली पत्रा, वर कौले असे करा, आणि छप्पर दारापुढे तीन फूट काढा.

जोते दीड फूट उचला. जमिनीला साधा कोबा, ओला असतानाच खराट्याने रेघा मारलेला. शहाबादी फरशीवर पावसात शेवाळ धरते, आणि घसरून मोठ्या कुत्र्यांचे गुडघे कायमचे जातात. दर चार फुटांना एक इंच उतार आणि शेवटी पन्हळ, म्हणजे धुतलेले पाणी आत साचणार नाही. झोपायला फळ्यांची चार बाय तीनची बाज, जमिनीपासून नऊ इंच वर, उचलून उन्हात टाकता येईल अशी हलकी. तिच्यावर गोणपाट घालू नका. जूनमध्ये भिजलेले गोणपाट ऑगस्टपर्यंत वाळत नाही, आणि मग पोटाला पुरळ येते.

आवार सहा फूट रुंद आणि सोळा फूट लांब पुरेल. तळाशी चिऱ्याचे दोन थर, त्यांनाही गिलावा, आणि खालचा थर फूटभर जमिनीत, म्हणजे मोती उकरून बाहेर पडणार नाही. त्यावर दोन इंची वेल्डमेश. खालच्या दोन फुटांना आतून अर्ध्या इंचाची बारीक जाळीही बांधा, ती सापासाठी. कुत्रे हुंगायला जाते, म्हणून घोणस बहुतेक त्याच्या तोंडावरच डसते. सापाला आपणच बोलावतो. खोलीवर रात्रभर बल्ब लावला की किडे येतात, किड्यांमागून बेडूक, बेडकांमागून साप. उरलेल्या भाताची ताटली रात्री बाहेर राहिली की उंदीर येतात, आणि उंदराच्या मुतातून लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा ताप. ताटली संध्याकाळीच उचला, लेप्टोची लस पावसाआधी द्या. रेबीजची लस दरवर्षी. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झाला तो गावोगाव फिरून केलेल्या लसीकरणामुळे, आपल्या घरातून त्यात खंड पडू नये.

राहिले बाळ. मोतीला लसी दिलेल्या असतील, जंताचे औषध वेळेवर असेल आणि बाळाजवळ तो कधीच एकटा राहणार नसेल, तर त्याला घराबाहेर काढायचे कारण मला दिसत नाही. तरीही वेगळी खोली करायचीच असेल, तर मुलगी यायच्या महिनाभर आधी तिची सवय लावा. पहिले काही दिवस जेवण तिथे, दार उघडे, आणि घरातले कोणीतरी जवळ चहा घेत बसलेले. मग दुपारची झोप, आणि रात्र सर्वांत शेवटी. दोन वर्षे सोप्यावर माणसांचे श्वास ऐकत झोपलेला कुत्रा एका रात्रीत मागे टाकला, तर तो पहाटेपर्यंत रडेल आणि बाळंतीणही जागी राहील. सकाळ-संध्याकाळ त्याला फिरवायचे, ते आवार बांधल्यावरही. चतुर्थीला आणि नरकासुराच्या रात्री फटाके सुरू व्हायच्या आधी त्याला घरात घ्या. घाबरलेला कुत्रा जाळीला तोंड मारून दात मोडून घेतो.

मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, जूनच्या सात-आठ तारखेला लागतो. गिलाव्यावर आठवडाभर पाणी मारायचे, मग तो वाळायचा, मग चुना. मेस्त्रीला या आठवड्यातच बोलवा.

प्रश्न : आम्ही मांद्र्याला समुद्रापासून जवळ राहतो. गावठी कुत्री आहे. ऑनलाइन प्लायवूडचे तयार घर घ्यावे की प्लास्टिकचे?
— एक वाचक, पेडणे

उत्तर : प्लायवूड नको. एका पावसात ते फुगते, पापुद्रे सुटतात, आणि त्या पापुद्र्यांत गोचिडी शिरतात. प्लास्टिकचे धुता येते, पण उन्हात आत भट्टी होते. घ्यायचे तर छप्पर उचलता येणारे घ्या, मागच्या बाजूला वारा जायला भोके असलेले, आणि ते अंगणात न ठेवता पडवीत, चार विटांवर ठेवा. जाळी लावणार असाल तर खाऱ्या हवेत साधी गॅल्व्हनाइज्ड जाळी सांध्यांपाशी लवकर गंजते आणि तिची तुटलेली टोके कुत्रीच्या डोळ्यांच्या उंचीवर येतात. सांधे जोडल्यानंतर जस्तात बुडवलेली जाळी मागा, आणि बिजागऱ्या स्टेनलेस स्टीलच्या.

मागवण्याआधी दोन दिवस ती दुपारी कुठे पडते आणि पावसात कुठे पळते ते पाहा. गावठी कुत्री वारा आणि कोरडी जागा आपल्याहून चांगली ओळखतात. घर तिथेच ठेवा, नाहीतर ते रिकामे राहील आणि ती त्याच्या शेजारी झोपेल.