इंदूरमधला नवा गट: अजून चालू असलेला कोणता गेम घ्यावा?

प्रश्न थोडक्यात असा: पाच जण, सगळे नवखे, रविवारी खेळणार. ज्याची पुस्तकं अजून निघतात असा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम, म्हणजे एकेक पात्र घेऊन टेबलाभोवती गोष्ट खेळायचा गेम, हवा. डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स), पाथफाइंडर की भयकथांचा कॉल ऑफ कथुलू?

तिन्ही चालू आहेत. पण चालू गेमचे नियम मध्येच बदलतात, आणि भांडणं तिथेच होतात. डी अँड डीचं खेळाडूंचं नियमपुस्तक, प्लेअर्स हँडबुक, २०२४ मध्ये नव्याने आलं. २०१४ च्या पुस्तकात क्युअर वूंड्स या जखमा भरणाऱ्या मंत्राला एक आठपैलू फासा, नव्यात दोन. एकाकडे जुनं आणि दुसऱ्याकडे नवं पुस्तक असेल तर पहिल्याच लढाईत हिशोब जुळत नाही. पाथफाइंडरचं रीमास्टर, म्हणजे नियमांची सुधारलेली पुस्तकं, २०२३ मध्ये सुरू झालं. त्यात अलाइनमेंट (पात्र चांगलं की वाईट हे ठरवणारा शिक्का) गेलं, बेसावध पात्रासाठीच्या फ्लॅट-फुटेड या शब्दाचं ऑफ-गार्ड झालं. नियम मात्र आर्काइव्ह्ज ऑफ नेथिस या वेबसाइटवर फुकट आणि अधिकृत आहेत. खिशाला परवडणारं हवं असेल तर हाच घ्या.

पण मी तुम्हाला कथुलू सुचवेन. सातवी एडिशन २०१४ ची, अजून तीच चालते आणि तिच्यासाठी नवीन कथा निघत असतात. जुन्या एडिशनच्या कथाही वाया जात नाहीत: ताकद १३ लिहिली असेल तर पाचने गुणा, ६५ धरा. स्किल, म्हणजे पात्राची कौशल्यं, आधीपासूनच टक्क्यांत असतात.

सुरुवातीला केओसियम या कथुलूच्या प्रकाशकाची फुकट क्विक-स्टार्ट पीडीएफ पुरे. परदेशातून जाड पुस्तक मागवलं तर शिपिंग आणि कस्टम अंगावर येतं. क्विक-स्टार्टमधली झपाटलेल्या घराची कथा १९२० च्या बॉस्टनमधली आहे. ती खुशाल होळकरांच्या इंदुरात, जुनी इंदूरच्या एखाद्या वाड्यात आणा. वर्तमानपत्राची कचेरी आणि सरकारी दफ्तर इथेही जमतंच.

फासे टाकून १ ते १०० मधला आकडा काढायचा: लायब्ररी यूज (कागदपत्रं धुंडाळायचं स्किल) ६० असेल तर ६० किंवा कमी पडलं की जमलं. कठीण कामाला ३०, अतिकठीणला १२. हे अर्धे आणि पाचवे हिस्से कॅरेक्टर शीटवर, म्हणजे पात्राच्या कागदावर, आधीच लिहून ठेवा, नाहीतर प्रत्येक फाशाला कॅल्क्युलेटर निघतो.

गाडी अडते ती बहुतेक कीपरमुळे, म्हणजे कथा चालवणाऱ्यामुळे. ज्या पुराव्याशिवाय कथा पुढे सरकत नाही, तो एकाच फाशामागे लपवायचा नाही. फासा हुकला तरी कागद मिळू द्या, फक्त उशिरा, किंवा तो शोधताना कोणीतरी तुम्हाला बघेल असा. खेळाडू पुश करून पुन्हा टाकू शकतो, पण नवीन काय करतोय ते त्याने सांगायला हवं आणि पुन्हा हुकलं तर परिणाम जास्त वाईट. लढाई, लक (नशीब) आणि सॅनिटीच्या (मन ताळ्यावर राहतं का याच्या) फाशांना पुश नाही.

खजुरी बाजारात लुडोचे फासे मिळतील, दहापैलू मिळणं कठीण. सात फाशांचे दोन सेट ऑनलाइन मागवा. एका दहापैलूवर ०० ते ९० छापलेलं आहे ना, ते आधी बघा; तो दशकाचा, दुसरा एककाचा.