वाचकांचे प्रश्न : सरपंचाला जाब कसा विचारायचा?

प्रश्न : आमचं गाव बार्शी तालुक्यात, लोकसंख्या साडेतीन हजार. सरपंच जनतेतून थेट निवडून आलेत. त्यांचं मानधन दुप्पट झालं, ग्रामसभा मात्र कागदावरच होते. त्यांना हटवता येतं का?

उत्तर : मतदारांना सरपंचाला परस्पर हटवता येत नाही. अविश्वासाची सुरुवात ग्रामपंचायत सदस्यांनीच करावी लागते. दोन तृतीयांश सदस्यांनी तहसीलदारांना नोटीस द्यायची. ठराव तीन चतुर्थांश मतांनी मंजूर झाला, तरच तो विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाला येतो. शेवटचा शब्द गावाचा, पण तिथवर पोहोचणं अवघड.

त्याआधी ग्रामसभेचे कागद मागवा. माहिती अधिकाराच्या अर्जावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून सभेची नोटीस, इतिवृत्त आणि सह्यांची उपस्थिती नोंदवही मागा. उत्तराची मुदत ३० दिवस. वर्षातून किमान चार ग्रामसभा हव्यात. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, १५ टक्के मतदार किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल ती. मेख इथेच आहे : तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. त्यामुळे पहिली सभा मुद्दाम ओस पाडतात आणि पुढच्या सभेत दहा जणांत ठराव उरकतात. म्हणून पहिल्याच सभेला शंभर जण घेऊन जा, आपला विषय आधी लेखी द्या आणि पोच घ्या. पुरेसं कारण नसताना ग्रामसभाच घेतली नाही, तर सरपंच अपात्र ठरू शकतो.

घरपट्टी थकवणाऱ्या सरपंचाला आणि सदस्यालाही कायदा सोडत नाही. बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही, तर ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ खाली अपात्रता येते. अर्ज सोलापूरला जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा, तहसीलदारांकडे नाही. असे अर्ज पडतात ते बिल बजावल्याचा पुरावा नसल्याने. थकबाकीचा आकडा पुरेसा नाही. मागणी बिल आणि त्यावरची पोच, दोन्ही जोडा. गैरवर्तनाची तक्रार वेगळी, कलम ३९ ची. तिचा निर्णय पुण्याचे विभागीय आयुक्त देतात.

प्रश्न : सरपंचाला मानधन हवंच कशाला? ही तर सेवा आहे.

उत्तर : हवंच. सप्टेंबर २०२४ च्या निर्णयानुसार दोन हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावात ते महिना ६,००० आहे, आठ हजारांपर्यंत ८,००० आणि त्यापुढे १०,०००. मजुरी बुडवून पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेच्या खेपा घालणाऱ्या सरपंच बाईला तेही अपुरं पडतं. मानधन बंद केलं, तर सरपंचपद बागायतदार आणि ठेकेदारांपुरतंच उरेल.